कुलूप जागेवरच, कॅरॅव्हॅन गायब

मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर म्हणजे कॅरॅव्हॅन. सकाळी जाऊन पाहावं तर जमिनीवर फक्त तिचं कपलिंग, म्हणजे मोटारीला जोडायचा पुढचा भाग, पडलेलं. त्यावरचं हिच लॉक (कपलिंगला लावायचं कुलूप) शाबूत, किल्ली घातली तर अजूनही अलगद उघडतंय. विकणारा हात झटकून मोकळा होतो, "कुलूप कुठे तुटलंय?" शब्दशः तो खोटं बोलत नसतोच. त्याने कपलिंगची दांडी अडवणारी वस्तू विकली. घेणाऱ्याला वाटलं, गाडीची राखण घेतली. फसवणूक होते ती नेमकी इथे, चोर यायच्या कितीतरी आधी.

कपलिंग ड्रॉबारला, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढे आलेल्या ओढदांड्याला, बहुधा दोन आडव्या बोल्टांनी जोडलेलं असतं. स्वस्त लॉक हे बोल्ट उघडेच ठेवतं. १८ किंवा १९ मिमीचा पाना लावला की अख्खं कपलिंग कुलपासकट खाली येतं आणि चोर सोबत आणलेलं दुसरं चढवतो. म्हणून लॉक घेताना आपल्याच कपलिंगवर चढवून बघा. दोन्ही बाजूंची बोल्टची डोकी आणि नट झाकले जातात का? फटीतून पाना शिरतो का? खोक्यावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं लॉक सगळ्यांना बसतं, म्हणजे बऱ्याचदा कुणालाच घट्ट बसत नाही. दुसरी जागा म्हणजे मोटारीच्या मागचा टो बॉल (जोडणीचा गोळा) बसतो ती कपलिंगमधली वाटी. लॉकबरोबर पोलादी गोळा येऊन ती भरली जायला हवी, नाहीतर रिकाम्या वाटीत काहीतरी अडकवून गाडी ओढत नेता येते. गोळ्याचं लॉक कॅरॅव्हॅन मोटारीला जोडलेली असताना लागत नाही, हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही. वाटेतल्या थांब्यांसाठी वेगळं लॉक लागतं.

जाड, भडक रंगाचं लॉक हातात घेतलं की भक्कम वाटतं. पण रंगाखाली ओतीव जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल तर हातोड्याच्या दोन-चार घावांत त्याचा तुकडा पडतो. चुंबक लावून बघा. (काही स्टेनलेस पोलादालाही चुंबक धरत नाही, पण विकणाऱ्याने तेच उत्तर दिलं, तर तसं लेखी मागा.) मग लॉकच्या दांडीवर कानस फिरवा. कठीण केलेल्या पोलादावरून ती घसरते, मऊ लोखंडावर लगेच चरा पडतो. दुकानदार कानस लावू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

चाक फिरू न देणाऱ्या क्लॅम्पची गतही अशीच. व्हील नट मोकळे राहिले तर चोर जॅक लावतो, क्लॅम्पसह चाक काढतो आणि स्टेपनी चढवतो. नुसत्या टायरला मिठी मारणारा क्लॅम्प तर हवा सोडली की सैल पडतो. नट झाकणारी तबकडी हवी, आणि रिमच्या आरपार जाऊन आसाजवळच्या खोबणीत अडकणारं लॉक असेल तर फारच उत्तम. दोन आसांच्या कॅरॅव्हॅनला एकच क्लॅम्प पुरत नाही. ते एक चाक काढून टाकलं तरी उरलेल्या चाकांवर ती ओढून नेता येते.

दाराच्या आणि सामानाच्या कप्प्यांच्या कुलपांवर तर विसंबूच नका. 'सीएच ७५१' अशा क्रमांकाची एकच किल्ली असंख्य कॅरॅव्हॅनचे कप्पे उघडते, आणि ती सुटी विकत मिळते.

गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर विकताना 'बॅटरीची काळजी नको' म्हणतात. हिशेब करा. अलार्म आणि ट्रॅकर मिळून सतत ३० मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला ०.७२ आणि महिन्याला सुमारे २२ अँपिअर-तास जातात. ८० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे ४०. दोन महिन्यांच्या आत खेळ खलास. त्यामुळे आतली स्वतंत्र बॅटरी आहे का आणि सिमची वर्गणी कधी संपते, हे आधीच विचारा. धातूच्या कप्प्यात लपवलेल्या ट्रॅकरला उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही. ब्लूटूथ टॅग म्हणजे ट्रॅकर नव्हे. त्याला जवळपास कुणाचा तरी फोन लागतो, आणि 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' असा इशारा तो चोराच्याच फोनवर देऊ शकतो.

'श्वास घेणारं' कव्हर म्हणून प्लॅस्टिकचा थर दिलेली ताडपत्री गळ्यात मारणारेही कमी नाहीत. आत बाष्प साठून बुरशी येते. गरम पाण्याच्या पेल्यावर त्या कापडाचा तुकडा ताणून धरा आणि वर थंड काच ठेवा. काच धुरकटली तर वाफ आरपार जाते. कापड खरं असलं तरी गाडी धुतल्याशिवाय चढवू नका, कारण वाऱ्याने हलणारं कव्हर धुळीसकट ॲक्रिलिकच्या खिडक्या घासून काढतं.

विमा घेतला असेल तर पॉलिसीत लॉकबद्दल नेमकं काय लिहिलंय ते खरेदीआधी वाचा. दाव्याच्या वेळी पावती आणि सगळ्या किल्ल्या मागितल्या जाऊ शकतात. लॉक लावलेल्या स्थितीतला, चासी क्रमांक दिसेल असा फोटो काढून ठेवा. गाडीत नव्हे, घरी.