पुणे ते नाशिक बिऱ्हाड : बांधणी चोख, पाहणी कच्ची

कोथरूडमधील टू बीएचके सदनिकेतून नाशिकच्या गंगापूर रोडवर बिऱ्हाड हलवताना आम्ही पुण्यातील एका 'पॅकर्स अँड मूव्हर्स' कंपनीची सेवा घेतली. तिच्या कामगारांना मी भरभरून गुण देईन, तिच्या कार्यालयाला मात्र जेमतेम काठावर पास करीन.

सारी गोम पाहणीत आहे. घरी माणूस न पाठवता कंपनीने व्हिडिओ कॉलवर सामान दाखवायला सांगितले आणि सोफा, फ्रिज, पलंग, कपाटे यांची यादी करून त्यावरून टेम्पोचा आकार व दर ठरवला. पण आपल्याकडच्या घराचे खरे ओझे दिवाणखान्यात नसून माळ्यावर असते : पितळी पातेली, पाहुण्यांसाठीच्या कापसाच्या गाद्या, पाटा-वरवंटा, फराळाचे पत्र्याचे डबे आणि 'लागतील कधीतरी' म्हणून जपलेली रिकामी खोकी. मी स्वतःहून माळ्याकडे कॅमेरा वळवला, तेव्हा 'ते होईल ॲडजस्ट' एवढेच उत्तर मिळाले. सामान भरायच्या दिवशी ते अर्थातच ॲडजस्ट झाले नाही. वाढीव सामानाचे पैसे मागितले गेले ते टेम्पो निम्मा भरल्यावर, जेव्हा घरमालक किल्ली घ्यायला दारात उभे होते आणि सोसायटीने लिफ्ट वापरायला दिलेली वेळ संपत आली होती. अशा वेळी घासाघीस कोण करणार? म्हणून माळा, पलंगाचे कप्पे आणि बाल्कनी यांचा लेखी उल्लेख असलेली यादी हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

अंदाजपत्रकही ओळ न् ओळ वाचावे. आमच्या कागदावर 'ई-वे बिल खर्च' (मालवाहतुकीच्या ऑनलाइन दाखल्याचा खर्च) अशी एक नोंद होती. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांनुसार ई-वे बिल लागतच नाही, हे दाखवून देताच ती रक्कम निमूटपणे वगळण्यात आली. 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू, म्हणजे मालाच्या किमतीवर आकारलेली रक्कम) या नावाखाली घेतलेल्या पैशांना विमा समजण्याची चूक अनेकांकडून होते. बहुधा ते वाहतूकदाराने स्वतःच्या अटींवर घेतलेल्या जोखमीचे शुल्क असते. विमा कंपनीची पॉलिसी हवी असेल, तर तसे स्पष्ट सांगून तिची प्रत मागून घ्यावी लागते.

आता कौतुकाचे. बांधणी करणारी मुले कसलेली होती. काचेच्या ताटल्या एकावर एक न रचता कागदात गुंडाळून खोक्यात उभ्या लावल्या. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला हात लावण्यापूर्वी त्यांनी ड्रम जखडणारे ट्रान्झिट बोल्ट मागितले. ते न लावता यंत्र हलवले, तर प्रवासातल्या धक्क्यांनी ड्रम हलून आतले भाग निकामी होऊ शकतात. लोणच्याच्या बरण्या त्यांनी साफ नाकारल्या, आणि ते योग्यच होते. देवघर बांधताना 'देव तुम्हीच काढून घ्या, काकू' असे म्हणून ती सगळी बाजूला थांबली. भरलेला गॅस सिलिंडर नेणार नाही, हेही कंपनीने पुरेसे आधी कळवले होते. शहर बदलत असल्याने सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घेणे व टर्मिनेशन व्हाउचर (गॅसजोडणी बंद केल्याचा दाखला) मिळवणे, ही कामे त्यामुळे शेवटच्या दिवसावर आली नाहीत.

नाशिकला सामान उतरवताना कपाटाच्या आरशाला तडा गेलेला दिसला. पोचपावतीवर सही करण्याआधी तिच्यावरच तशी नोंद केली, फोटो काढले, आणि थोडी रक्कम द्यायची बाकी ठेवलेली असल्यामुळे भरपाई तिच्यातूनच वळती झाली. पुढे कधी पुन्हा बिऱ्हाड हलवायची वेळ आली, तर मी याच कंपनीला विचारीन, मात्र माळ्यावर चढून पाहणारा माणूस घरी पाठवायची तिची तयारी असेल तरच.