‘लुक व्हॉट यू मेड मी डू’: नंबर पहिला, पण धृपदाला चाल कुठे आहे?

अमेरिकन पॉप गायिका टेलर स्विफ्टचं हे गाणं अमेरिकेत २४ ऑगस्ट २०१७ च्या रात्री उशिरा आलं, तेव्हा आपल्याकडे गणेशचतुर्थीची सकाळ होती. त्यावरून पडलेले दोन तट अजून मिटलेले नाहीत. डोक्यावर घेणारे आणि नावं ठेवणारे, दोघंही बोट ठेवतात ते धृपदावरच.

सुरुवात झकास आहे. व्हायोलिनचा सूर, मग नुसत्या ठेक्यावर दबक्या आवाजातलं कडवं, मग पियानोबरोबर चढत जाणारी ओळ. आता चाल फुटणार असं वाटतं आणि नेमकी तिथेच ती संपते. धृपद जवळजवळ एकाच स्वरावर, तालात बोलल्यासारखं. हा ठेका राइट सेड फ्रेड या ब्रिटिश बँडच्या १९९१ च्या ‘आयॅम टू सेक्सी’वरून घेतलाय आणि त्या गाण्याच्या तिन्ही कर्त्यांना रीतसर श्रेय दिलंय. उसनी चाल हा दोष नव्हेच. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शाहीर गाजलेल्या चालीवरच उत्तर बांधतात. फरक एवढाच, की तिथे प्रतिस्पर्धी समोर बसलेला असतो, टोला कुणाला बसला ते गावाला कळतं. इथे नाव कुणाचंच नाही. २०१६ चा रॅपर कान्ये वेस्टबरोबरचा वाद आणि तिला ‘साप’ म्हणून झालेली हेटाळणी ठाऊक असेल, तरच शब्दांना धार येते. ठाऊक नसेल तर हातात उरते फक्त चाल, आणि तीच कमी पडते.

विक्री मात्र जबरदस्त. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत गाणं आलं ७७ व्या क्रमांकावर, कारण त्या आठवड्याच्या हिशेबात रेडिओचे पहिले तीनच दिवस धरले गेले होते. पुढच्या आठवड्यात ३,५३,००० डाउनलोड आणि अमेरिकेतली सव्वाआठ कोटींहून जास्त स्ट्रीम मोजली गेली, तशी थेट पहिल्या क्रमांकावर उडी. सलग १६ आठवडे वर बसलेलं ‘देस्पासितो’ खाली उतरलं. ब्रिटनमध्ये तर हे तिचं पहिलंच अव्वल गाणं. पण अमेरिकेत तीन आठवड्यांत रॅपर कार्डी बीच्या ‘बोडक यलो’ने जागा घेतली. आमच्या मते पहिला गठ्ठा उत्सुकतेचा होता. ती काय उत्तर देते ते सगळ्यांना ऐकायचं होतं. ऐकून झाल्यावर गुणगुणायला धृपदात काही नव्हतं.

आता वाजवणाऱ्यांसाठी. बेंजोवर बसवायचं तर पांढरी ६ ला सा धरा. गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या. लय मिनिटाला १२८ मात्रा. धृपद बेंजोवर वाजवू नका, एकाच पट्टीवर टकटक ऐकू येते. तिथे ऑक्टोपॅड आणि ढोल पुढे घ्या, आणि बेंजोला पियानोची चढती ओळ व सुरुवातीची व्हायोलिनची सुरावट द्या. नाचणाऱ्यांना हात वर करायला तीच जागा मिळते.

रेकॉर्ड लावणार असाल तर कर्ण्यावर अजिबात नको. धृपदाचं सगळं वजन बेसमध्ये आहे आणि कर्णा खालचे सूर देतच नाही. मागे राहतं नुसतं पुटपुटणं. मोबाइलच्या स्पीकरचंही तेच. बेस बॉक्स हवाच, पण पत्र्याच्या मंडपात तो वाढवला की पत्रे थरथरतात आणि कडव्यातला दबका आवाज बुडतो. बेस आहे तिथेच ठेवून मिड, म्हणजे मधले सूर, थोडा उचला, शब्द मोकळे होतात. शेवटाकडे वाद्यं थांबतात आणि फोनवर बोलल्यासारखं एक वाक्य येतं. तिथे नाच हमखास मोडतो, कारण पाय थांबले की त्यानंतरच्या धृपदाने ते परत उचलत नाहीत. पुढचं गाणं आधीच लावून ठेवा आणि त्या वाक्यावरच बदला.