मेथीच्या कॅप्सूल: अकरा दिवस घेतल्या, त्याचा हिशोब

मुलगी सतरा दिवसांची होती तेव्हा तिचं वजन २ किलो ७८० ग्रॅम भरलं. जन्माच्या वेळी ते २ किलो ९०० होतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, पण दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्माच्या आकड्यावर यायला हवं. डॉक्टरांनी काटा शून्यावर आणून परत वजन केलं, आकडा तोच. त्या रात्री मुलीला मांडीवर घेऊनच मी फोनवर ‘दूध वाढवण्यासाठी काय घ्यावं’ शोधलं आणि मेथीच्या कॅप्सूलची बाटली मागवली.

हा त्या कॅप्सूलचा रिव्ह्यू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीबद्दल नाही. अशा चार-पाच बाटल्यांची लेबलं मी नंतर वाचली, सगळीकडे मजकूर जवळपास सारखाच होता.

बाटलीत १८० कॅप्सूल. प्रत्येकीत ६१० मिलिग्रॅम मेथीदाण्याची पूड, बाकी काही नाही. लेबलवर ‘तीन कॅप्सूल, दिवसातून तीन वेळा’ लिहिलेलं, म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच ग्रॅम. कॅप्सूल बऱ्यापैकी मोठी आहे, पण कडू लागत नाही, पाण्याबरोबर सहज उतरते. झाकण उघडलं की मेथीचा वास नाकात जातो आणि तळहातावर घेतली तर वास हाताला राहतो. एवढ्यापुरतं उत्पादन चांगलं आहे. पूड बाहेर सांडलेली नव्हती, एकही कॅप्सूल फुटलेली निघाली नाही.

बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना फोन केला, हे फार बरं केलं. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का? रक्त पातळ करणारं औषध? थायरॉइड? शेंगदाणे, हरभरे, सोयाबीन यांची ॲलर्जी? मेथी रक्तातली साखर उतरवते, त्यामुळे औषध चालू असेल तर साखर जास्तच खाली जाऊ शकते. वॉर्फरिनसारखं औषध घेणाऱ्या बाईला मेथीमुळे रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. आणि मेथी ही हरभऱ्या-शेंगदाण्याच्याच कुळातली, म्हणून ॲलर्जीचा प्रश्न. यातलं मला काहीच नव्हतं, म्हणून ते ‘घेऊन बघा’ म्हणाले. पण यातला एक शब्दही लेबलवर नव्हता. तिथे ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक, पूर्णपणे सुरक्षित’ एवढंच. गरोदरपणात औषधाच्या मात्रेत मेथी घेऊ नये, कारण गर्भाशय आकुंचन पावू शकतं, हेही नव्हतं. आधीच तयारी म्हणून आठव्या महिन्यात बाटली आणून ठेवणाऱ्या बायका असतात. त्यातली एखादी तेव्हापासूनच सुरू करेल, हे लेबल लिहिणाऱ्याच्या मनात यायला हवं होतं.

पहिले दोन दिवस एकेक कॅप्सूल तीन वेळा घेतली, तिसऱ्या दिवसापासून पूर्ण मात्रा.

आता खरा मुद्दा. दूध वाढलं का? वाढलं. कॅप्सूलमुळे वाढलं का? हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि का सांगू शकत नाही ते नीट सांगते, कारण बाटलीखालच्या ‘तीन दिवसांत फरक’ म्हणणाऱ्या सगळ्या रिव्ह्यूंमध्ये नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

मी एक वही ठेवली होती. कधी पाजलं, कोणत्या बाजूला, किती वेळ, किती डायपर ओले झाले. शिवाय रोज सकाळी पाजून झाल्यावर दहा मिनिटं पंप लावायचे. कॅप्सूल सुरू करायच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंचं मिळून २० मिली निघालं. पूर्ण मात्रा सुरू केल्यावर पाचव्या दिवशी ४० मिली. कागदावर बघितलं तर दुप्पट. मीही त्या दिवशी खूश होऊन बहिणीला फोन केला होता.

पण त्याच आठवड्यात, कॅप्सूल सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी, लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ, घरी येऊन गेल्या होत्या. त्यांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “आधी बाळाला घ्या बघू पाजायला, मी नुसती बघते.” मी घेतलं. त्या दोन मिनिटं गप्प बसून ऐकत होत्या. मग विचारलं, “हा चक्-चक् आवाज रोज येतो?” रोज येत होता. मला वाटायचं, किती छान पिते आहे. त्या म्हणाल्या, “ती पीत नाहीये हो, तिची पकड सुटतेय. बोंडावरच लटकलीय, म्हणून तुम्हाला दुखतं आणि तिला मिळत नाही.”

मग त्यांनी तिला माझ्या अंगाशी पूर्ण वळवलं, पोटाला पोट. नाक बोंडासमोर येईल इतकं तिला खाली सरकवलं. मी आजवर तिचं डोकं मागून दाबत होते, तो हात काढायला लावला आणि मानेखाली, खांद्यांच्या मध्ये ठेवायला सांगितला. बोंड तिच्या वरच्या ओठाला टेकवून थांबायचं. तिने जांभई देतात तसं मोठं तोंड उघडलं की झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. पहिल्या तीन वेळा जमलं नाही. चौथ्या वेळी जमलं तेव्हा पहिल्यांदा दुखलं नाही. तिची हनुवटी खोलवर हलायला लागली, मधे थांबायची, आणि मग हलकासा ‘क्ह’ असा गिळण्याचा आवाज. एकवीस दिवसांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता. पान्हा फुटताना छातीत झिणझिण होते म्हणतात, तीही तेव्हाच कळली. मी रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, “आता दुसऱ्या बाजूला.”

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, आणि ती मला आधीच कळायला हवी होती. स्तनात दूध साठून राहिलं की शरीर समजतं, गरज नाही, आणि दूध बनण्याचा वेग कमी होतो. जितकं रिकामं होईल तितकं नवीन तयार होतं. माझी मुलगी नीट ओढत नव्हती, म्हणून रिकामं होत नव्हतं, म्हणून कमी बनत होतं. मेथी या साखळीतली कुठली कडी बदलणार होती? रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नका, असंही त्यांनी सांगितलं. मी थकून रात्री पाच तासांची झोप काढत होते, तेव्हा नवरा बाटलीने फॉर्म्युला द्यायचा. वही काढून बघितली तर चोवीस तासांत मी सहा-सात वेळाच पाजत होते. नवजात बाळाला आठ ते बारा वेळा लागतं.

तर एकाच आठवड्यात किती गोष्टी बदलल्या ते बघा. पकड सुधारली, पाजण्याच्या वेळा दहावर गेल्या, रात्रीचं पाजणं सुरू झालं, पंप रोज लागला, आणि कॅप्सूल चालू होत्या. चोविसाव्या दिवशी वजन २ किलो ९५० भरलं. त्यात डॉक्टरांनी सांगितलेला दिवसातून दोन वेळा ३० मिली फॉर्म्युलाही होता, तो त्या दिवशी बंद केला. एकतिसाव्या दिवशी फक्त माझ्या दुधावर ३ किलो १६०. आठवड्यात २१० ग्रॅम. काट्यावरचा तो आकडा बघून नवऱ्याने तिचा फोटो न काढता काट्याचा काढला.

यातलं श्रेय मेथीला किती? वहीमधला एकच धागा थोडा उजेड पाडतो. एकोणतिसाव्या दिवशी मी कॅप्सूल बंद केल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी पंपवर ४५ मिली निघालं. कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं. सुरुवातीला मेथीने हात दिला असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ती थांबल्यावर दूध थांबलं नाही, एवढं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. (आणि पंपवर निघतं ते म्हणजे एकूण दूध नव्हे. नीट पकडलेलं बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं. पंपचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका, वजन आणि ओले डायपर बघा. बाळ पाच-सहा दिवसांचं झाल्यावर चोवीस तासांत निदान सहा चांगले ओले डायपर व्हायला हवेत.)

अभ्यासांचंही याहून वेगळं म्हणणं नाही. दूध वाढवणाऱ्या वनस्पती आणि औषधांवर २०२० मध्ये कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आला. त्यात ४१ चाचण्या आणि ३,००५ आया होत्या. वनस्पतींमुळे दूध वाढू शकतं असं काही चाचण्यांत दिसलं, पण पुरावा इतका कच्चा की कोणती वनस्पती बरी हे सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. लेबलवर दूध वाढण्याबद्दल ‘सिद्ध झालेले’ असे शब्द होते, ते या निष्कर्षात बसत नाहीत.

मी बंद का केल्या? दोन कारणं. पहिलं पोट. मला गॅस आणि पातळ शी होऊ लागली. आणि सातव्या-आठव्या दिवसापासून संध्याकाळी मुलगी पाय पोटाशी घेऊन कळवळून रडायची. त्या वयात बाळं संध्याकाळी रडतातच, त्यामुळे दोष पूर्ण मेथीचाच असं म्हणणार नाही. बंद केल्यावर माझं पोट दोन दिवसांत ताळ्यावर आलं, तिचं रडणं आठवड्याभरात उतरलं.

दुसरं कारण वास. पाचव्या दिवशी माझ्या घामाला जळक्या साखरेसारखा गोड वास यायला लागला. मग तिच्या डायपरलाही. मला वाटलं डिटर्जंट बदललंय. चोविसाव्या दिवशी वजनाला गेलो तेव्हा नेहमीचे डॉक्टर नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी डायपर उघडताच हात थांबवला, जवळ जाऊन वास घेतला आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “तुम्ही मेथी घेताय का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. मेथीत सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं, ते घामातून, लघवीतून, दुधावाटे बाळाच्या लघवीतूनही येतं. आणि नेमका असाच वास मेपल सिरप यूरिन डिसीज या दुर्मिळ पण गंभीर आजारात बाळाच्या लघवीला येतो. त्यांना माहीत नसतं तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या, आणि ते दिवस आम्ही कसे काढले असते कल्पना करवत नाही. तर मेथी घेत असाल तर बाळाच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

कोणी घ्याव्यात, असं मैत्रिणी विचारतात. माझं मत असं: बाळाची पकड कोणीतरी जाणत्या माणसाने डोळ्यांनी बघितली आहे, दिवसाला आठ-दहा वेळा पाजणं होतंय, रात्रीचंही होतंय, वजन केलेलं आहे, आणि तरीही डॉक्टर म्हणतात दूध खरंच कमी आहे, तर त्यांना विचारून घेऊन बघा. हळूहळू मात्रा वाढवा, बाळाच्या पोटाकडे लक्ष ठेवा. मधुमेह, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि बाळ सुस्त आहे, डायपर कोरडे आहेत, वजन उतरतंय, तर कॅप्सूलचा गुण येईल म्हणून तीन दिवस थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फॉर्म्युला द्यावा लागला तर द्या. माझ्या मुलीने सात दिवस घेतला, आणि त्या दोन बाटल्यांनी तिच्यात नीट ओढायची ताकद आली असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र प्रत्येक बाटली भरताना मी मान खाली घालून बसायचे. त्याची काही गरज नव्हती.

पाचपैकी अडीच तारे देते. अर्धा कॅप्सूलच्या दर्जाचा, दोन यासाठी की गुण नाहीच असं मी म्हणू शकत नाही. बाकीचे लेबलने घालवले. कंपनीला मी मेल लिहिला आहे. डोस जिथे छापलाय त्याच्या खाली चार ओळींची जागा रिकामी आहे. तिथे औषधांच्या इशाऱ्याची एक ओळ, गरोदरपणाची एक, वासाची एक, आणि सगळ्यात वर ‘आधी बाळाची पकड तपासून घ्या’ ही एक छापा, अशी विनंती केली आहे. मजकूरही लिहून पाठवला आहे. अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या सोमवारी परत लिहिणार आहे.