विंडोज ११ वर जाण्याआधी: टूलचा हिरवा टिक की वेगळी एसएसडी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जो तो हेच विचारतोय की आहे त्या मशीन ११ वर चालतील का. आमचं टॉवेल-चादरीचं युनिट आहे, कॉम्प्युटर पाच. तपासायच्या दोन्ही पद्धती मी करून बघितल्यात, म्हणून लिहितो.

पहिली सोपी. पीसी हेल्थ चेक (मशीन ११ ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) चालवायचं, हिरवं आलं की चालू मशीनवरच अपग्रेड मारायचं. बिलिंगच्या दोन मशीन अशाच केल्या, टॅली, ई-वे बिल, सगळं जिथल्या तिथं. एकीला आधी टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही म्हणून लाल आलं होतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेल पीटीटी (इंटेलचं टीपीएम) बंद होतं, चालू केलं की झालं. म्हणजे लाल दिसलं म्हणून लगेच मशीन विकायला काढू नका. इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या आधीचा असेल तर मात्र बहुतेक नवीनच बघावी लागते.

पण हे टूल बघतं काय तर प्रोसेसर, रॅम, टीपीएम, सिक्युअर बूट, डिस्क. चलानचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, जेकार्ड विणकामाच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीला लावायची किल्ली, तिच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही), ह्यातलं काहीच ते बघत नाही. आणि मला नडलं ते इथंच. डिझाईनची मशीन हिरवी आली, अपग्रेड केली, बारा-तेरा दिवस कुणी ते सॉफ्टवेअर उघडलंच नाही कारण नवीन डिझाईनची ऑर्डरच नव्हती. ऑर्डर आली त्या दिवशी पोरगा म्हणाला, "अण्णा, डोंगल घेईना झालाय." लाईट लागतोय पण सॉफ्टवेअर म्हणतंय, किल्ली सापडत नाही. परत १० वर जावं म्हटलं तर 'गो बॅक' फक्त दहा दिवस मिळतं, ते संपलेलं. दोन दिवस सगळं नव्याने टाकण्यात गेले आणि पार्टीचे फोनवर फोन. धंद्यातली कितीतरी कामं महिन्यातून एकदाच येतात, जीएसटीचं रिटर्न जीएसटीआर-३बी बघा, ते दहा दिवसांत कसं कळणार?

म्हणून उरलेल्या दोन मशीन दुसऱ्या पद्धतीने केल्या. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची, नवीन एसएसडीवर ११ टाकायचं (मशीन तीच असल्याने विंडोज १० चं डिजिटल लायसन्स तिथंच चालतं, वेगळं घ्यावं लागत नाही) आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत दिवसभर खरी कामं करून बघायची, प्रिंटरवर कार्बनची तिन्ही पानं काढून, टोकन लावून सही करून, डोंगलवालं सॉफ्टवेअर असेल तर तो लावून एक डिझाईन सेव्ह करून. बिघडलं तर जुनी डिस्क परत लावली की दहा मिनिटांत पहिल्यासारखं. एसएसडीचा खर्च आणि एक दिवस जातो, हे खरं. नुसती टॅली आणि नेट चालणाऱ्या मशीनला एवढं करायची गरज नसेलही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण डोंगल असेल तर मी तरी थेट अपग्रेड करणार नाही.

अजून एक, विंडोज १० मध्येच कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या सुरक्षेच्या सेटिंगमधलं एक बटण) चालू करून बघा, न जुळणारे ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) असले तर ते नावानिशी दाखवतं. आमच्या डोंगलचा ड्रायव्हर त्याच यादीत निघाला, आधी बघितलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते. डिझाईनची मशीन अजून १० वरच आहे, नेटची वायर काढून, फाईल पेनड्राईव्हने नेतो. नवीन ड्रायव्हर मिळाला की तिलाही आधी वेगळी एसएसडी लावूनच बघणार.