'जॉनी गद्दार': शब्दावरच्या व्यवहाराला लागलेली कीड

श्रीराम राघवन दिग्दर्शित 'जॉनी गद्दार' (२००७) या चित्रपटात गद्दार कोण, हे प्रेक्षकापासून फार काळ लपवलेले नाही. जुगाराचा अड्डा चालवणारे पाच भागीदार एका सौद्यासाठी प्रत्येकी पन्नास लाख रुपये काढतात, जमलेले अडीच कोटी रेल्वेने बंगळुरूला न्यायचे ठरते, आणि पाचांतला सर्वांत तरुण विक्रम ती रक्कम वाटेतच लांबवण्याचा बेत आखतो. बाकीच्यांना हे कधी कळणार आणि तोवर किती जीव जाणार, या प्रश्नावर सारा ताण उभा आहे.

लातूरच्या किंवा जालन्याच्या मोंढ्यात मोठे व्यवहार नुसत्या शब्दावर होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कथेतली मेख चटकन उमगेल. पैसाच दोन नंबरचा असल्याने तो बुडाला तरी फिर्याद देता येत नाही. चोर आपापसांतच शोधावा लागतो आणि हिशेबही आपापसांतच चुकता होतो. मृत पत्नीच्या आवाजातले गाणे टेपवर ऐकणारा म्होरक्या शेषाद्री धर्मेंद्र यांनी इतक्या संयमाने उभा केला आहे, की विक्रमने केलेला विश्वासघात सर्वांत जास्त त्याच्याच बाबतीत बोचतो.

रेल्वेतला प्रसंग हा चित्रपटाचा कळस आहे. रक्कम नेणाऱ्या शिवाला नुसते बेशुद्ध करायचे, एवढाच बेत असतो आणि तोच फसतो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्या डब्यातली घुसमट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ('सीआयडी'त दारे फोडणारे दयानंद शेट्टी इथे शिवा आहेत, त्यामुळे झटापट एकतर्फी होत नाही.)

चित्रपट दिग्दर्शक विजय आनंद आणि इंग्रजी थरारकथा लिहिणारे जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेला आहे, आणि त्याची ऐट त्या ऋणातूनच आली आहे. कृष्णधवल सुरुवात, जुन्या धाटणीचे संगीत आणि विजय आनंद यांच्याच 'जॉनी मेरा नाम' या चित्रपटावरून उचललेले विक्रमचे खोटे नाव यांपैकी काहीही केवळ शोभेसाठी आलेले वाटत नाही.

विक्रमची प्रेयसी असलेल्या, रिमी सेन यांच्या मिनीला मात्र लेखनात जेमतेम जागा मिळाली आहे, आणि उत्तरार्धात योगायोगांची जरा गर्दी होते. सूडाचा धागा उशिरा हाती येतो. परंतु पाचांतला एक भागीदार असलेल्या प्रकाशच्या पत्नीच्या भूमिकेत अश्विनी काळसेकर यांनी तो असा काही ओढला आहे, की नायकापेक्षा त्याच अधिक लक्षात राहतात.