सभासद व्हायचं की नुसते पैसे पाठवायचे? लंडनच्या राजवाड्यांसाठी, सातासमुद्रापलीकडून

हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या ग्रेट हॉलमध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने करवून घेतलेल्या, बायबलमधल्या अब्राहमाच्या गोष्टीच्या भल्यामोठ्या टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले पडदे, आहेत. जवळ जाऊन बघितलं तर झाडांची पानं निळी दिसतात. विणणाऱ्यांनी ती हिरवीच विणली होती. निळ्यावर पिवळा चढवून हिरवा केलेला, आणि पावणेपाचशे वर्षांत त्यातला पिवळा तेवढा उडून गेला. आई पैठणी अधूनमधून बाहेर काढून घडी बदलून ठेवायची ते मला तिथे आठवलं. पैसे द्यायची बुद्धीही तिथेच झाली.

तेव्हा आम्ही लंडनला होतो, आता अमेरिकेत आहोत. या काळात मी दोन्ही करून पाहिलं: हे राजवाडे सांभाळणाऱ्या संस्थेचं वर्षाचं सभासदत्व आणि तिला थेट देणगी. यातलं काय करावं असं कुणी विचारलं की मी अजूनही ‘तुमच्यावर आहे’ असंच म्हणतो, पण पूर्ण खरं सांगायचं तर तसं नाही.

हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस ही ती संस्था. टॉवर ऑफ लंडन आणि हॅम्प्टन कोर्ट धरून ती सहा वास्तू सांभाळते. बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ते वेगळंच. १९९८पासून ही स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे आणि तिचा संसार तिकिटं, सभासद आणि देणग्यांवर चालतो. राजवाडे राजाचे म्हणजे पैसाही राजाचाच असणार, हा आपला समज. २०२० साली दारं बंद झाली आणि तिकिटांचा ओघ आटला, तेव्हा तो समज किती चुकीचा आहे ते दिसलं.

(‘आधी कोहिनूर परत द्या म्हणावं’ हे मी प्रत्येक जेवणाच्या टेबलावर ऐकलंय. हिरा टॉवरमध्ये असला तरी या संस्थेच्या मालकीचा नाही. आणि पंजाबच्या ज्या शेवटच्या महाराजाकडून, दुलीपसिंगाकडून, तो गेला, त्याची मुलगी सोफिया १९१३ साली हॅम्प्टन कोर्टच्या दारात उभी राहून स्त्रियांच्या मताधिकाराचं वर्तमानपत्र विकत होती. त्या भिंतींशी आपलंही काहीतरी नातं आहे, एवढंच मी म्हणेन. पुढचा वाद जेवण झाल्यावर.)

सभासदत्वाची बाजू भक्कम आहे, नाही म्हणणार नाही. वर्षभर कितीही वेळा जा, रांगेत पाकीट काढायला नको. लंडनला असताना आम्ही नुसते बाग बघायला जायचो, अर्ध्या तासात परत. राजवाडा असा अर्ध्या तासासाठी बघता येणं ही खरी श्रीमंती. शिवाय आपण कशाचे तरी सभासद आहोत, ही भावना फुकटची नसते.

पण समुद्र ओलांडला की त्यातली एक गोष्ट टोचायला लागते, आणि मला तिनेच हलवलं: मुदत. आम्ही एका ऑक्टोबरात उत्साहाने सभासदत्व घेतलं, वसंतात जायचं ठरवून. मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि जाणं पुढे पुढे ढकललं गेलं. शेवटी टॉवरच्या दारात पोचलो तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. यात दोष कुणाचाच नाही, झालाच तर माझा. तिकीट काढलं, आत गेलो, डोमकावळे बघितले. पण दिवसभर डोक्यात एकच गिरमिट: एकदाही न जाता वर्ष गेलं, पैसे वसूल झाले नाहीत.

आणि हा ‘वसूल’ शब्दच मला खटकला. मी पडद्यातला पिवळा वाचावा म्हणून पैसे दिले होते ना? मग वसुलीचा हिशोब आला कुठून? तर सभासदत्वातून. ज्यात काही मिळणार असतं, तिथे मन वही उघडून बसतंच. लंडनमध्ये राहणाऱ्याची ती वही दोन-तीन फेऱ्यांत मिटते. लांब राहणाऱ्याची कधीच मिटत नाही, आणि दर नूतनीकरणाला कपाळावर आठी.

देणगीला तसं काही रूप नाही. पावतीचा ईमेल येतो, संपलं. पण तिला मुदतही नाही. कशासाठी द्यायची असं विचाराल तर मी तरी ती कुठल्याही एका कामाला बांधत नाही. १९८६ला हॅम्प्टन कोर्टच्या किंग्ज अपार्टमेंट्सना आग लागली, ती दालनं १९९२ला पुन्हा उघडली. असल्या कामाला देणारे भेटतात. पावसाच्या पन्हळी साफ करायला कोण देणार?

पैशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याच्या देणगीवर गिफ्ट एडमधून सरकार पौंडामागे २५ पेन्स घालतं, म्हणजे १००चे १२५ होतात. आपण तिथले करदाते नसलो तर ते विसरायचं. तिथला डायरेक्ट डेबिटही तिथल्याच बँक खात्यावर चालतो. भारतातून दिलं तर ८०जीची करसवलत लागू नाही. अमेरिकेतून थेट दिलं तर करात सूट नाही. इथे नोंदलेल्या मध्यस्थ संस्थेमार्फत दिलं तर मिळू शकते, पण मध्यस्थ आपला वाटा कापतो. रक्कम मोठी असेल तर सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, विचारा. माझ्यासारख्याने तो खटाटोप करू नये असं वाटतं. आणि कार्डाने देताना ‘तुमच्या चलनात की पौंडात’ असं विचारलं तर पौंडच निवडा, चलनबदलाचा दर बहुधा बरा पडतो. मी दर महिन्याला थोडंथोडं देऊन पाहिलं, तर दुसऱ्याच महिन्यात आमच्या बँकेने व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला. आता वर्षातून एकदाच देतो.

दरवर्षी लंडनची फेरी नक्की असेल, मुलं बरोबर असतील, तर सभासदत्व घ्याच, मी आडवा येणार नाही. फक्त ते विमानाचं तिकीट हातात आल्यावर घ्या, उत्साहाच्या भरात नको.

सभासदत्व मी अगदीच सोडलेलं नाही. भाची शिकायला लंडनला गेली तेव्हा तिला तेच भेट दिलं. ती क्लास बुडवून हॅम्प्टन कोर्टला जाते असा मला दाट संशय आहे. परवा ग्रेट हॉलमधून मेसेज आला: ‘मामा, पानं अजून निळीच आहेत.’