कोअर शूटरवरचा २४ पोल हेवी ड्युटी कनेक्टर: १४ महिन्यांनंतर

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात शेल कोअर (ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) करणाऱ्या फौंड्रीत जॉब बदलला की कोअर बॉक्स, म्हणजे कोअर घडवायचा तापता साचा, बदलतो, आणि प्रत्येक वेळी हीटरच्या वायरी सोडून पुन्हा जोडाव्या लागतात. टर्मिनल स्ट्रिपवर हे काम पाऊण तासाचं. तो वेळ वाचवायचा म्हणून कोअर शूटरवर, म्हणजे बॉक्समध्ये वाळू मारणाऱ्या मशीनवर, चौकोनी, ॲल्युमिनियम बॉडीचा, दोन लिव्हरचा २४ पोल (२४ पिनांचा) १६ अँपिअर कनेक्टर बसवला. हा अनुभव १४ महिन्यांचा आणि दोन पावसाळ्यांचा आहे.

बॉक्समध्ये दीड किलोवॅटचे सहा हीटर रॉड आहेत. २३० व्होल्टला प्रत्येकी साधारण साडेसहा अँपिअर, म्हणजे बारा पिना लागतात. अंगावर १६ अँपिअर लिहिलं आहे म्हणून चोवीसही पिनांतून एकाच वेळी १६ घ्यायचे नाहीत. पिना एकमेकींना तापवतात, आणि २५० अंशांच्या आसपास तापलेला बॉक्स शेजारीच असतो. म्हणून करंट वाहणाऱ्या दोन पिनांमध्ये एक पिन मोकळी सोडली, आणि बॉक्सपासून कनेक्टरपर्यंतचा तुकडा काचतंतूच्या वेष्टणाच्या वायरीचा केला. तिथे साधी पीव्हीसी वायर काही दिवसांतच कडक होऊन तडकते. थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या सेन्सरला) वेगळा छोटा कनेक्टर ठेवला. मिलिव्होल्टचा सिग्नल हीटरच्या वायरीला चिकटून नेला की तापमानाचा आकडा नाचतो.

जोडणीत एक गोष्ट कुणीही उलटी करू नये. सप्लाय येतो त्या बाजूला फीमेल (भोकांचा) इन्सर्ट, म्हणजे पिना बसवलेला आतला ठोकळा, आणि बॉक्सच्या बाजूला मेल (बाहेर आलेल्या पिनांचा). उलटं केलं तर बॉक्स काढल्यावर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट राहतात. अर्थची वायर इन्सर्टच्या अर्थ स्क्रूलाच घ्यायची. हा संपर्क जुळताना सगळ्यांच्या आधी जुळतो आणि सुटताना सगळ्यांच्या शेवटी सुटतो. तो सोडून मोकळ्या पिनेतून अर्थ नेणारे वायरमन आहेत. ते चूक आहे.

आता खरा मुद्दा. या १४ महिन्यांत बॉडी, लिव्हर, गॅस्केट यांतलं काहीही बिघडलं नाही. जे बिघडलं ते क्रिम्पमध्ये, म्हणजे वायरीवर पिन दाबून केलेल्या जोडात. सुरुवातीला दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला अडीचची पिन वापरली गेली आणि ती साध्या पकडीने दाबली गेली. तीन महिन्यांत दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं. हिशेब सोपा आहे: जोडात ५० मिलिओहम रेझिस्टन्स आला तरी साडेसहा अँपिअरला त्या एका पिनेत दोन वॅटहून जास्त उष्णता होते, आणि हवा खेळायला जागा नसते. तापलं की स्प्रिंग सैल होते, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतं.

त्यानंतर वायरीच्या मापाचीच पिन, रॅचेटचं क्रिम्पिंग टूल, आणि पिनेच्या बारीक भोकातून तांब्याचे तार दिसलेच पाहिजेत, असा नियम केला. तार दिसत नसतील तर वायर आत पोचलेली नाही. वायरीचं वेष्टण क्रिम्पच्या आत गेलं तर तोही जोड बाद. एक नमुना वजनकाट्याला बांधून ओढून पाहावा: दीडच्या वायरीला १५० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलोचा ओढ सोसला पाहिजे. अडीचला २३० न्यूटन. स्क्रूचा इन्सर्ट घेणाऱ्यांनी वायरीच्या टोकाला सोल्डर लावू नये. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल होतो. त्याऐवजी पिन थिंबल (वायरीच्या टोकावर दाबायची धातूची टोपी) लावावी.

खरेदीच्या वेळी दुकानात कुणी सांगत नाही ते आयुष्याचं. या वर्गातल्या चांदीचा मुलामा असलेल्या पिनांना साधारण ५०० वेळा जोडण्या-काढण्याचा हिशेब धरलेला असतो. दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला एक बदल, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५० वेळा. दहा महिन्यांत ५०० संपले. अकराव्या महिन्यात फीमेल पिना तपासल्या: सुटी मेल पिन हाताने सरकवली की घट्ट धरली पाहिजे, चार पिनांत ती नुसती लोंबत होती. क्रिम्पच्या इन्सर्टमध्ये पिना काढायच्या टूलने एकेक पिन बदलता येते, म्हणून खर्च किरकोळ आला. बदल वारंवार असेल तर क्रिम्पचाच इन्सर्ट घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काळी वाळू हा दुसरा शत्रू. आयपी ६५ हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं रेटिंग जोडलेल्या आणि लिव्हर लावलेल्या अवस्थेचं आहे. उघडा पडलेला कनेक्टर धूळ खातोच. दोन्ही बाजूंना झाकण हवंच. वाळू बसली तर एअर गनने उडवू नये, ती पिनांच्या फटीत आणखी आत जाते. व्हॅक्यूम आणि कोरडा ब्रश वापरावा. गॅस्केटवर वाळूचा एक कण राहिला तरी लिव्हर नीट बसत नाही आणि लोक ठोकून बसवतात. केबल खालून येऊ द्यावी, वरून येत असेल तर ग्लँडच्या (केबल आत शिरते त्या घट्ट बुचाच्या) आधी एक झोळ सोडावा, म्हणजे पाणी झोळावरूनच गळून जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला ईएलसीबी (वीजगळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होते आणि दोष कनेक्टरवर येतो. कनेक्टर काढून दोन्ही बाजू ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वेगवेगळ्या तपासाव्यात. बहुतेकदा हीटर रॉडच ओल धरून बसलेला सापडतो, कारण आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल शोषते. रॉड कमी व्होल्टेजवर तासभर सुकवला की मेगरचा आकडा वर चढतो.

लोडवर, म्हणजे करंट चालू असताना, कनेक्टर ओढू नये, हे बोर्डावर लिहून लावलं तरी घडतं. हा कनेक्टर स्विच नव्हे. एका ठिणगीत पिनेच्या टोकाला खड्डा पडतो. म्हणून हीटरचा एमसीबी बंद करून कुलूप, मगच लिव्हर. स्टोअरमध्ये १२ मेल आणि १२ फीमेल पिना, एक गॅस्केट, दोन झाकणं आणि पिना काढायचं टूल ठेवलं की रात्रपाळीत मशीन थांबत नाही.